भांड्यांच्या दुकानाला 'गंज' नाव चालेल का?

निवांत_पेठकर
वहिनी माझी अमरावतीची, पंधरा वर्षं पुण्यात काढली पण पातेल्याला अजून गंजच म्हणते. आता दादा-वहिनी सिंहगड रोडला भांड्यांचं दुकान काढतायत, पितळी, तांब्याची, बिडाची असली भांडी, आणि तिने नाव काढलंय 'गंज'. आई म्हणाली अगं लोखंडी तवे विकायचेत आणि पाटीवर गंज लिहिणार?

तसं या शब्दावरून घरात जुनं रामायण आहे. लग्न होऊन आली त्या आठवड्यात तिने विचारलं, "आई, गंज कुठं आहे?" आईने विळी उचलली, पातं खिडकीच्या उजेडात धरलं न म्हणाली, कुठंय गंज, परवाच तर घासलीय. तर प्रश्न एवढाच, पुण्यात 'गंज' वाचून कुणाच्या डोळ्यासमोर भांडं येतं का? पेंटर गुरुवारी येणारे.

वऱ्हाडी_ठेचा
वहिनींचं बरोबर आहे बापा. दूध गंजात तापते, वरण गंजात शिजते. पातेलं आम्ही शाळेच्या पुस्तकात पाहिलं. अन् उलथन्याला सराटा म्हणतो, तेही लिहून ठेवा.

टोपभर_कालवण
आमच्याकडे मुंबईपासून खाली कोकणात सगळा टोपच. मिस्टर नगरचे, ते भगुनं म्हणतात, त्यामुळे आमच्या घरात एकाच भांड्याची दोन नावं आणि घासायला कुणीच नाही.

काना_मात्रा
मुळात गंज हा फारसी शब्द आहे, अर्थ खजिना किंवा बाजार. आपल्या माणसाने दुकान काढावं आणि नाव फारसी द्यावं याचं वाईट वाटतं. अस्सल मराठी शब्द काय कमी आहेत? 'परात' ठेवा. तीन अक्षरं, भरलेली वाटते.

खवट_खोबरं
काका, परात पोर्तुगीजांची. प्रातो म्हणजे ताट, त्यावरून. बशी, पिंप, घमेलं हेही त्यांच्याच गलबतातून उतरलं. तवा फारसी, कल्हई अरबी. अस्सलच ठेवायचं म्हटलं तर निम्मी मांडणी रिकामी होईल.

काना_मात्रा
परात 'पात्र' पासूनच आली आहे, उगाच प्रत्येक गोष्ट बाहेरून आली म्हणायची फॅशन झालीय. पोर्तुगीज यायच्या आधी आपण काय पोळपाटावर कणीक मळत होतो?

खवट_खोबरं
काठवटीत मळत होतो.

टोपभर_कालवण
😂😂 माझ्या आजीकडे होती लाकडी काठवट, एका बाजूने तडकलेली, त्या फटीत कायम वाळलं पीठ. 'काठवट' नाव काय वाईट आहे?

काना_मात्रा
बरं मग 'मुदपाकखाना' घ्या. भारदस्त, राजेशाही, आणि त्यात मूद आहे, पाक आहे. भाताची मूद पाडतात ते ठिकाण.

वऱ्हाडी_ठेचा
मूद पाडतात म्हणून मुदपाक 🙏

खवट_खोबरं
मूदबिद काही नाही हो, अरबीत मतबख म्हणजे स्वयंपाकघर, त्याचा आपल्या तोंडी चोळामोळा होऊन मुदबख झालं, मग मुदपाक, आणि वर परत 'खाना' लावला म्हणजे स्वयंपाकघरघर झालं, तरी तुम्हाला तो शब्द अस्सल वाटतो, यातच सगळं आलं.

काना_मात्रा
शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो फारसी शब्द हटवायलाच ना? तुमच्यासारखे तेव्हाही असतील म्हणा.

खवट_खोबरं
कोशाबद्दल आदरच आहे, पण तो राज्यकारभारासाठी होता. भांडी घासणाऱ्या बाईला काय म्हणायचंय ते तीच ठरवणार.

दुकान_बंद_१ते४
भांड्यांच्याच धंद्यात आहे म्हणून बोलतो. दुकानांच्या कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असले तरी पाटी मराठीत, देवनागरीत लागते, आणि इंग्रजी घातलंत तर मराठी अक्षर त्याहून लहान चालत नाही. दुसरं, ट्रेडमार्क करणार असाल (भांड्यांना वर्ग २१, दुकानदारीला ३५) तर 'पातेलं'सारखं मालाचंच नाव सहसा कुणा एकाला देत नाहीत. गंमत म्हणजे 'गंज' अमरावतीत मालाचं नाव आहे आणि पुण्यात नाही 😀 अर्ज कुणाच्या टेबलावर जातो त्यावर आहे.

निवांत_पेठकर
हे कामाचं सांगितलंत, धन्यवाद. बाकीच्यांनी कृपया गंजावर या. आईने 'उतरंड', 'मांडणी' आणि 'रुखवत' सुचवलंय.

टोपभर_कालवण
उतरंड नको, ते ऐकलं की जातीची उतरंडच आठवते. रुखवत छान, पण रुखवतातली भांडी माळ्यावर जातात ती उतरतच नाहीत. आमची पंचपात्री अजून जिलेटीन पेपरात आहे.

गोलाईकर
लातूरच्या माणसाला गंज म्हटलं की गंजगोलाई, म्हणजे बाजारच. वडलांना विचारलं तर ते म्हणाले कडब्याची गंजी. आणि मुलाला विचारलं तर गंजीफ्राक. मला वाटतं लोखंडावरचा गंज म्हणजे 'जंग' उलटा झालेला असणार, जसं कुणी चिखलाला चिलख म्हणतं तसं. भांड्याचा गंज कुठून आला ते विदर्भवाल्यांनी सांगावं.

वऱ्हाडी_ठेचा
कुठून येते म्हणजे? फळीवरून काढाचा अन् गॅसवर ठेवाचा.

जुनी_फुलपात्री
नावाशी संबंध नाही पण विचारते, दादा-वहिनी कल्हई करून देणार का? आमच्या वाड्यासमोर यायचा कल्हईवाला, खड्डा करून भाता लावायचा, भांडं लाल तापलं की नवसागर टाकायचा, पांढरा धूर नाकात जायचा, मग कथलाची कांडी फिरवून कापसाच्या बोळ्याने आतून एक हात मारला की आरशासारखं. आजीचं पितळी पातेलं तसंच पडून आहे, बिनकल्हईच्या पितळेत आमटी कशी करू? कळकते.

काना_मात्रा
ताई, कल्हई नव्हे, 'कथिलेपन' म्हणा.

खवट_खोबरं
झालं.

निवांत_पेठकर
वहिनीला वाचून दाखवलं. म्हणाली कल्हईवाला महिन्यातून एकदा दुकानात बसवायचा विचार आहेच, फुलपात्री ताईंना विचार त्यांचा गंज किती लिटरचा आहे.