गेटवरचा रुग्णवाहिकेचा फलक

*सचिव:* उद्या पेंटर येतोय. गेटजवळ १०८ आणि १०२ लिहून घेतो. आणखी काही हवं असेल तर आजच सांगा.

*डॉ. कुलकर्णी, बी-२०१:* नंबर सगळ्यांना पाठ आहेत हो, खाली पूर्ण पत्ता लिहा. १०८ चा फोन सांगलीत नाही, पुण्यात औंधच्या कंट्रोल रूमला लागतो. नुसतं 'विश्रामबाग, मारुती मंदिराजवळ' म्हणून भागत नाही. आधी जिल्हा सांगली, तालुका मिरज, मग विश्रामबाग, सोसायटी, विंग, मजला. नंतर पेशंटचं वय, शुद्ध आहे का, श्वास चालू आहे का. समोरच्याने ठेवल्याशिवाय फोन ठेवायचा नाही.

*शिंदे वहिनी:* आणि ज्या मोबाइलवरून फोन केला तो मोकळा ठेवा. गाडीतले डॉक्टर किंवा ड्रायव्हर त्याच नंबरवर रस्ता विचारतात. आपण नेमके तेव्हाच पाहुण्यांना कळवत बसतो 🙏

*माने, सी-४०४:* गाडी साधी आली तर? व्हेंटिलेटरवाली मागता येते का?

*डॉ. कुलकर्णी:* मागून मिळत नाही, पेशंटची अवस्था ऐकून ते ठरवतात. २०१४ ला सेवा सुरू झाली तेव्हा राज्यात ९३७ गाड्या होत्या. त्यांत अॅडव्हान्स, म्हणजे व्हेंटिलेटरवाल्या, २३३, बाकी बेसिक, म्हणजे साध्या. बेसिकमध्येही डॉक्टर आणि ऑक्सिजन असतो, पैसे लागत नाहीत. जवळची गाडी पेशंट घेऊन मिरजेला गेली असेल तर लांबची येते, म्हणून वेळ लागतो.

*माने:* आणि आपण सांगू त्या हॉस्पिटलला नेतात का?

*डॉ. कुलकर्णी:* तसं धरून चालू नका. जवळच्या, सोय असलेल्या सरकारी दवाखान्यात नेतात, म्हणजे आपल्याकडे सांगली किंवा मिरज सिव्हिल.

*जाधव काका:* खरी अडचण लिफ्टची आहे. आपल्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवं मावत नाही. छातीत दुखणाऱ्याला जिन्याने चालवायचं नाही, हात असलेल्या खुर्चीत बसवून न्यायचं. सोसायटीने एक व्हीलचेअर घ्यावी, वॉचमनच्या खोलीत राहील.

*डॉ. कुलकर्णी:* घ्याच. लकवा वाटला तर त्रास किती वाजता सुरू झाला ते कागदावर लिहून द्या. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. दवाखान्यात पोचेपर्यंत तोंडात पाणीसुद्धा घालू नका.

*शिंदे वहिनी:* १०२ गरोदर बायका आणि वर्षाच्या आतली बाळं यांच्यासाठी, हेही लिहा. सरकारी दवाखान्यातून बाळंतिणीला घरी सोडायलाही तीच गाडी.

*माने:* बाबांच्या डायलिसिसला १०८ चालेल का?

*शिंदे वहिनी:* नाही, ठरलेल्या फेरीला १०८ नाही. त्यासाठी खासगी गाडी बघा.

*सचिव:* ठीक. पत्ता मोठ्या अक्षरात, नंबर वर. व्हीलचेअरचं कोटेशन रविवारी मीटिंगला ठेवतो.