युद्धात ब्रिटनमधे लोक रेशनवर कसे भागवायचे?

वाचनवेडी: दुसऱ्या महायुद्धात आठवड्याला माणशी एकच अंडं मिळायचं म्हणे, मग घरातल्या बाईने भागवायचं कसं? फ्रिजही नसायचे ना बहुतेकांकडे?

जुनीपानं: अंड्यांची पावडर यायची ना अमेरिकेतून, पाण्यात कालवून त्याचंच ऑम्लेट. रेशन जानेवारी १९४० ला सुरू झालं, आधी बेकन, लोणी, साखर.

बरणीवाली: साठवण तर अफाटच करायचे, घेवड्यासारख्या हिरव्या शेंगा चिरून बरणीत एक थर मिठाचा एक थर शेंगांचा असं दाबून भरायचं आणि हिवाळ्यात धुवून उकळायच्या, कोंबड्या असतील तर अंडी वॉटरग्लासमधे (म्हणजे सोडियम सिलिकेट घातलेल्या पाण्यात) बुडवून महिनोन्महिने टिकवायची. कौतुक वाटतं खरंच!

जुनीपानं: आणि ब्रेडवर युद्धात रेशन नव्हतंच, ते लागलं १९४६ ला, युद्ध जिंकल्यावर! सगळं रेशन उठायला १९५४ उजाडलं.