एनएचएलमधले अंडररेटेड खेळाडू: गोल-असिस्टच्या यादीत न दिसणारा खेळ ओळखायचा कसा?

पक_आणि_काठी

एनएचएलवर (उत्तर अमेरिकेतली आईस हॉकी लीग) चर्चा सुरू झाली की ती मॅकडेव्हिड, मॅकिनन, मकार, ओव्हेच्किन याच चार-पाच नावांभोवती फिरते. पॉइंट्सच्या (गोल अधिक असिस्ट, म्हणजे गोलला कारण ठरलेले पास) यादीत वर असलेले खेळाडू ओळखायला काही विशेष लागत नाही. प्रश्न बाकीच्यांचा आहे.

मला दोन गोष्टी हव्या आहेत. एक, तुमच्या मते खरोखर कमी लेखले गेलेले खेळाडू कोण, आणि का? नुसती नावं नकोत, कारणं द्या. दोन, सामना बघताना किंवा आकडे चाळताना असा खेळाडू हेरायचा कसा? प्लस-मायनस (खेळाडू बर्फावर असताना संघाने केलेले वजा खाल्लेले गोल), हिट्स (अंगाने दिलेल्या धडका), ब्लॉक केलेले शॉट्स यांवर किती भरवसा ठेवावा? संदर्भ फक्त एनएचएलचा धरा.

निळी_रेषा

बचावापासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त अन्याय तिथेच होतो. नॉरिस ट्रॉफी सर्वोत्तम डिफेन्समनला मिळते असं म्हणतात, पण मतं देताना पत्रकारांची नजर पॉइंट्सवर जाते. त्यामुळे जो डिफेन्समन समोरच्याला खेळूच देत नाही, तो मागे पडतो.

पहिलं नाव कॅरोलायनाचा जेकब स्लेव्हिन. 2012 च्या ड्राफ्टमध्ये (संघ नवे खेळाडू क्रमाने निवडतात तो कार्यक्रम) 120 वा. त्याच्या नावावर नॉरिस नाही, मात्र लेडी बिंग ट्रॉफी दोनदा आहे, 2021 आणि 2024. ही ट्रॉफी सभ्य खेळाची, म्हणून लोक ती फारशी मनावर घेत नाहीत. पण 2020-21 मध्ये तो 52 सामने खेळला आणि अख्ख्या हंगामात पेनल्टी बॉक्समध्ये एकूण 2 मिनिटं बसला. हे करताना तो बहुतेक वेळ प्रतिस्पर्ध्यांच्या सर्वोत्तम लाइनसमोर (एकत्र उतरणारे तीन फॉरवर्ड) होता. पॉवर प्ले (समोरचा खेळाडू पेनल्टीवर बाहेर असतानाचा खेळ) साधारण पाचात एकदा यशस्वी होतो. म्हणजे एखादा डिफेन्समन हंगामात दहा मायनर (दोन मिनिटांच्या) पेनल्टी कमी घेत असेल, तर त्याने संघाचे जवळजवळ दोन गोल वाचवले. ही नोंद कुठल्याच रकान्यात सापडत नाही.

त्याचा खेळ बघायचा असेल तर पक सोडा आणि त्याची स्टिक बघा. समोरचा विंगर पक घेऊन ब्लू लाइनकडे (जिथून बचावाचा झोन सुरू होतो ती रेषा) येतो, तेव्हा दोघांतलं अंतर स्टिकच्या लांबीपेक्षा फार वाढत नाही. तो अंगावर जात नाही. स्टिकचं पातं बर्फावर ठेवून आतली वाट बंद करतो. विंगरकडे दोनच मार्ग उरतात: बोर्डकडे सरकायचं, नाहीतर पक आत फेकून त्यामागे धावायचं. फेकला की अर्धं काम झालं. पक ताब्यात ठेवून झोनमध्ये शिरलं तर फेकण्याच्या तुलनेत साधारण दुप्पट शॉट्स मिळतात, हे ज्यांनी मोजून मांडलं त्यांच्यातला एक एरिक टल्स्की. रसायनशास्त्रातला हा माणूस 2024 पासून कॅरोलायनाचा जनरल मॅनेजर आहे. ब्लू लाइनवरच्या बचावाची किंमत त्या संघाला नेमकी ठाऊक आहे.

दुसरं नाव फ्लोरिडाचा गुस्ताव फोर्सलिंग. 2014 मध्ये व्हँकूव्हरने 126 वा निवडला, पुढे शिकागो, मग कॅरोलायना. जानेवारी 2021 मध्ये कॅरोलायनाने त्याला वेव्हर्सवर टाकलं (म्हणजे इतर संघांना घेण्यासाठी मोकळं सोडलं) आणि फ्लोरिडाने फुकटात उचललं. 2023-24 मध्ये त्याचं प्लस-मायनस +56, लीगमध्ये सर्वाधिक. 2024 आणि 2025 दोन्ही वेळी स्टॅनली कप (एनएचएलचं विजेतेपद) जिंकणाऱ्या संघांत तो होता. त्याचं खरं बळ पायांत आहे. मागे सरकतानाचा त्याचा वेग इतका आहे की तो इतरांपेक्षा पुढे उभा राहण्याची जोखीम घेऊ शकतो. पक मागे गेला तरी तोच आधी पोचतो.

आकडेमोड

+56 हा पुरावा म्हणून देऊ नका, वर प्रश्नात नेमकं तेच विचारलंय. प्लस-मायनसमध्ये पॉवर प्लेवरचे गोल धरत नाहीत, पण रिकाम्या नेटमधले गोल आणि शॉर्ट-हँडेड (माणूस कमी असताना केलेले) गोल धरतात. शिवाय तुमच्या मागचा गोली कसा आहे आणि पुढचे फॉरवर्ड किती नेम साधतात, यावर हा आकडा हेलकावे खातो. फोर्सलिंग चांगला आहे, पण कारण वेगळं: तो बर्फावर असताना, तेही वरच्या लाइन्ससमोर, फ्लोरिडा शॉट्सच्या दर्जातही पुढे असते.

आकडे चाळायची माझी पद्धत अशी.

आधी फक्त पाच विरुद्ध पाचचा खेळ गाळून घ्या. पॉवर प्लेवर कुणाला उभं करायचं हे प्रशिक्षक ठरवतो, त्यामुळे एकूण पॉइंट्समध्ये गुणवत्तेबरोबर संधीही मिसळलेली असते. मग दर 60 मिनिटांचा हिशोब काढा. 1,000 मिनिटांत 40 पॉइंट्स म्हणजे 40 भागिले 1,000 गुणिले 60, म्हणजे 2.4. हा आकडा 2 च्या वर असेल तर खेळाडू पहिल्या लाइनच्या तोडीचा आहे, मग तो तिसऱ्या लाइनवर का असेना. रोज 13 मिनिटं मिळणारे चांगले फॉरवर्ड इथेच सापडतात. असिस्ट मोजताना पहिला असिस्ट वेगळा काढा. दुसऱ्या असिस्टमध्ये योगायोग बराच असतो.

त्यानंतर एक्स्पेक्टेड गोल्सचा (प्रत्येक शॉट गोल होण्याच्या शक्यतांची बेरीज) वाटा. खेळाडू बर्फावर असताना दोन्ही बाजूंचे मिळून जेवढे अपेक्षित गोल, त्यातले त्याच्या संघाचे किती टक्के. 50 च्या वर म्हणजे पारडं त्याच्या बाजूला. पण एकटा आकडा घेऊ नका. तो बाकावर असताना संघाचा वाटा किती, हे शेजारी ठेवा. खराब संघातला 49 टक्केवाला, ज्याच्याशिवाय संघ 43 वर घसरतो, तो चांगल्या संघातल्या 53 टक्केवाल्यापेक्षा मोलाचा असू शकतो.

शेवटी पीडीओ तपासा: तो बर्फावर असतानाची संघाची शूटिंग टक्केवारी अधिक सेव्ह टक्केवारी. बेरीज 100 च्या आसपास राहते. 103 असेल तर त्याचे आकडे फुगलेले असण्याची शक्यता मोठी, 97 असेल तर तो दिसतो त्यापेक्षा चांगला असण्याची. कमी लेखलेला खेळाडू शोधताना मी आधी 98 च्या खालचेच बघतो.

400-500 मिनिटांपेक्षा कमी नमुन्यावर काहीच ठरवू नका. बचावाच्या बाबतीत तर दोन-तीन हंगाम एकत्र घ्या. आणि स्कोअर लक्षात ठेवा: मागे पडलेला संघ जास्त शॉट्स मारतो, पुढे असलेला मागे सरकून खेळतो. म्हणून स्कोअरनुसार दुरुस्त केलेले आकडे घ्या.

हिट्सबद्दल: हिट करायला पक समोरच्याकडे असावा लागतो. सतत हिट्स म्हणजे सतत पक नाही. ब्लॉक्सचंही तसंच, संघ आपल्याच झोनमध्ये अडकला की ब्लॉक्स वाढतात. क्रिस टॅनेव्हसारखा अपवाद असतो, जो शॉट्स अडवतोही आणि मुळात शॉट्सची संख्याही कमी ठेवतो. त्याला तर कुणी ड्राफ्टही केलं नव्हतं. हिट्स, टेकअवे (पक हिसकावणं), गिव्हअवे (पक गमावणं) या नोंदी प्रत्येक मैदानाचे स्कोअरर आपापल्या नजरेने करतात, त्यामुळे दोन संघांच्या खेळाडूंची यावरून तुलना करताना जपून.

तिसरी_लाइन

अजून कुणी टँपाच्या तिसऱ्या लाइनचं नाव कसं घेतलं नाही? यानी गूर्द, ब्लेक कोलमन, बार्कली गुड्रो. कोलमन आणि गुड्रो दोघांना टँपाने फेब्रुवारी 2020 मध्ये आणलं, आणि दोघांसाठी ड्राफ्टमधल्या पहिल्या फेरीचा एकेक पिक (निवडीचा हक्क) दिला. तेव्हा अनेकांना ही किंमत अवाच्या सवा वाटली. त्यानंतर 2020 आणि 2021, लागोपाठ दोन कप.

या तिघांचं काम ठरलेलं होतं. पक आत टाकायचा, पहिला माणूस डिफेन्समनच्या अंगाशी, दुसरा बोर्डवरचा पास तोडायला, तिसरा वर स्लॉटमध्ये (गोलसमोरच्या जागेत) थांबलेला. शिफ्ट (एका वेळी बर्फावर उतरण्याची पाळी) 40-45 सेकंदांची आणि त्यात समोरच्याला त्याच्या झोनमधून बाहेरच पडू द्यायचं नाही. यात गोल होवो न होवो, पुढच्या शिफ्टला ब्रेडन पॉइंट आणि कुचेरोव उतरतात तेव्हा समोर दमलेले पाय असतात. 2021 च्या उपांत्य फेरीत आयलंडर्सविरुद्ध सातवा सामना 1-0 सुटला, आणि तो एकमेव गोल गूर्दचा, तोही एक माणूस कमी असताना.

2021 च्या उन्हाळ्यात सॅलरी कॅपमुळे (संघाच्या एकूण पगारावरची मर्यादा) तिघेही गेले: गूर्द सिएटलला, कोलमन कॅलगरीला, गुड्रो रेंजर्सकडे. वेगवेगळे झाल्यावर तिघांपैकी कुणाचाच तसा दबदबा राहिला नाही. म्हणून लाइनला अंडररेटेड म्हणा. एकेकट्याला म्हणताना सोबत कोण खेळतं ते बघा.

सेंटर_आईस

फ्लोरिडाच्या बार्कोवचं नाव कुणी घालेल त्याआधीच सांगतो: तो आता या यादीत बसत नाही. 2021, 2024, 2025 अशा तीन सेल्की ट्रॉफी आणि कर्णधार म्हणून दोन कप झाल्यावर कसला अंडररेटेड? 2018 पर्यंत होता, हे मान्य.

विंगर्सकडे बघा. सेल्की बचाव करणाऱ्या सर्वोत्तम फॉरवर्डची, पण ती शेवटची विंगरला मिळाली 2003 मध्ये, डॅलसच्या येरे लेहतिनेनला. त्यानंतर सगळे सेंटर. कारण उघड आहे: फेसऑफ (पक टाकून खेळ सुरू करतानाची दोघांतली झुंज) जिंकल्याचा आकडा छापून येतो, आणि आपल्या झोनमध्ये खाली उतरून बचाव करण्याची जबाबदारी सेंटरवर असते, त्यामुळे तो डोळ्यांत भरतो. मार्क स्टोन याच भिंतीवर आपटला. 2010 मध्ये 178 वा निवडलेला, पायांनी संथ, पण पासची वाट आधी ओळखून त्यात स्टिक घालण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. 2019 ला सेल्कीच्या अंतिम तिघांत आला, ट्रॉफी मात्र रायन ओ'रायलीला गेली. 2023 च्या अंतिम फेरीत कप जिंकून देणाऱ्या सामन्यात त्याने हॅटट्रिक केली तेव्हा कुठे लोकांनी नाव घेतलं, तेही गोलांसाठी.

दुसरा प्रकार म्हणजे ताऱ्याच्या सावलीत राहिलेले. निकलास बॅकस्ट्रॉम, वॉशिंग्टन, 1,105 सामन्यांत 1,033 पॉइंट्स, त्यात 762 असिस्ट. ओव्हेच्किनच्या गोलांवर सर्वाधिक असिस्ट त्याचेच. पॉवर प्लेवर तो उजव्या बोर्डाशी पक घेऊन थांबायचा. घाई नाही. डावीकडच्या सर्कलमध्ये ओव्हेच्किन आहे हे सगळ्या जगाला माहीत, तरी पेनल्टी किलवाला मधे सरकेपर्यंत बॅकस्ट्रॉम पास रोखून धरायचा. तो अर्धा सेकंद गोलीला डावीकडे यायला उशीर करवतो. एवढ्या कारकिर्दीत मोठा वैयक्तिक पुरस्कार एकही नाही.

जुना_रिंक

सावलीचा विषय निघालाय तर डिफेन्समन ब्रॅड पार्कशिवाय तो पुरा होत नाही. नॉरिसच्या मतदानात सहा वेळा दुसरा, एकदाही पहिला नाही. बॉबी ऑरने 1968 ते 1975 सलग आठ नॉरिस नेल्या, आणि पार्कची उमेदीची वर्षं त्यातच गेली. दहा वर्षं आधी किंवा नंतर जन्मला असता तर त्याचं नाव आज सहज घेतलं गेलं असतं.

आणि रॉन फ्रान्सिस. 1,249 असिस्ट, इतिहासात त्याच्या पुढे फक्त ग्रेट्स्की. सुरुवातीची दहा वर्षं हार्टफर्डमध्ये, नंतर पिट्सबर्गमध्ये लेम्यू आणि यागरच्या बाजूला. 1995 मध्ये सेल्की आणि लेडी बिंग एकाच हंगामात. आवडत्या सेंटर्सच्या यादीत तरीही त्याचं नाव सहज येत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

पक_आणि_काठी

सगळ्यांचे आभार. एक शंका: "वरच्या लाइन्ससमोर खेळतो" हे ठरवायचं कसं? आणि स्लेव्हिनसारखंच डेव्हन टेव्झबद्दल वाचतो, पण तो मकारच्या जोडीला आहे. श्रेय कुणाचं?

निळी_रेषा

टेव्झचं आधी. आयलंडर्सनी ऑक्टोबर 2020 मध्ये कॅपच्या ओढाताणीत त्याला दुसऱ्या फेरीच्या दोन पिक्सवर कोलोरॅडोला दिला. 2021-22 मध्ये 66 सामन्यांत 57 पॉइंट्स आणि कप. श्रेय वेगळं काढायला तीन रकाने करा: दोघे एकत्र, टेव्झ मकारशिवाय, मकार टेव्झशिवाय. प्रत्येकात एक्स्पेक्टेड गोल्सचा वाटा आणि मिनिटं लिहा. एकत्र नसतानाची मिनिटं थोडी असतात, म्हणून तीन-चार हंगामांची बेरीज घ्या. शिवाय मकार वर चढतो तेव्हा मागची मोकळी जागा कोण भरतं ते डोळ्यांनी बघा. टेव्झ त्याच क्षणी मध्यभागी सरकलेला दिसेल. तो तिथे नसता तर मकारला तितकं सुटं खेळता आलं नसतं.

आता समोर कोण खेळतं ते. खेळ थांबला की यजमान संघाला शेवटचा बदल करायचा हक्क असतो, त्यामुळे घरच्या मैदानावर प्रशिक्षक आपल्या मनासारखी जोडी लावतो. म्हणून घरचे सामने घ्या आणि प्रतिस्पर्ध्यांची पहिली लाइन उतरली की कुठला डिफेन्समन बोर्डावरून उडी मारतो ते टिपा. चार-पाच सामन्यांत चित्र स्पष्ट होतं. मग त्याच खेळाडूचे बाहेरचे सामने बघा. तिथे समोरचा प्रशिक्षक त्याला टाळायची धडपड करतोय का? करत असेल तर ती त्या खेळाडूला मिळालेली सगळ्यात प्रामाणिक दाद आहे.

आकडेमोड

त्यात एक भर घालतो. एका गोलची आघाडी असताना शेवटची दोन मिनिटं नोंदवा. समोरचा गोली बाहेर, सहा विरुद्ध पाच, फेसऑफ आपल्या झोनमध्ये. त्या वेळी बर्फावर असलेले पाच जण लिहून ठेवा, दहा सामने सलग. टँपाच्या अशा यादीत अँथनी सिरेली पुन्हा पुन्हा येईल. 2015 मध्ये 72 वा निवडलेला सिरेली 2025 ला सेल्कीच्या अंतिम तिघांत होता. आईसिंग (आपल्या अर्ध्या भागातून पक थेट समोरच्या गोल-रेषेपलीकडे मारणं) झालं तर बदल करता येत नाही, तेव्हा नाइलाजाने अडकलेले पाच वेगळे लिहा, नाहीतर यादी चुकेल.