क्लॅटचे उतारे: शब्द कळायलेत, उतारा कळेना

सेलूची लेक

नमस्कार. मी सेलूची, जिल्हा परभणी. दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता बारावी कला. डिसेंबरात क्लॅट, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा, द्यायचीय. पप्पा आडतीवर हिशेब लिहितात. आमच्या तालुक्यात नीट आणि जेईई सगळ्यांना माहीत आहे, पण क्लॅट म्हटलं की "ते काय असतंय?" असं विचारतात. त्यामुळं विचारायला जवळ कुणी नाही.

अडचण अशी. एका ऑनलाइन क्लासने सांगितलं रोज पन्नास इंग्रजी शब्द पाठ कर. चार महिने केले, दोन वह्या भरल्या. आता उताऱ्यात अडेल असा शब्द क्वचित येतो, पण उतारा संपला की त्यात काय होतं ते सांगता येत नाही. परत पहिल्यापासून वाचायला लागते. मागच्या रविवारी सराव पेपर सोडवला. चोवीस उताऱ्यांपैकी पंधराव्यालाच वेळ संपला. इंग्रजीचे २४ प्रश्न पूर्ण सोडवले होते, त्यातले ९ बरोबर.

एक चूक तर अजून डोक्यातून जाईना. उतारा भूजलावर होता. पहिल्या परिच्छेदात १८८२ चा जुना कायदा: आपल्या हद्दीतल्या जमिनीखालचं पाणी उपसायचा हक्क जमीनमालकाला. दुसऱ्या परिच्छेदात खोल बोअरवर बंदी आणा, असं काही तज्ज्ञांचं म्हणणं. तिसऱ्यात आणखी काहीतरी. प्रश्न: लेखकाच्या मते मूळ अडचण कोणती? मी "बोअर फार खोल जाऊ लागले" हा पर्याय निवडला. माझ्या मामाच्या शेतात सातशे फुटांवर गेले तरी धुरळाच निघाला होता, मी स्वतः तिथं उभी होते. उत्तर चुकलं. बरोबर उत्तर होतं, "ज्याच्याकडे जमीन नाही त्याला पाण्याबद्दल बोलायलाच जागा नाही." मला अजून वाटतं माझं उत्तर खरं आहे. मग चुकलं कुठं?

आणखी कोणते शब्द पाठ करू? की वेग वाढवायचा? की मराठी माध्यमामुळं हे होणारच? खरं सांगा.

नांदेडचा, विधी विद्यापीठ, दुसरं वर्ष

आधी आकडे समोर ठेव. १२० प्रश्न, १२० मिनिटं, चुकीला पाव गुण वजा. उतारा साडेचारशे शब्दांपर्यंत. गणिताचे उतारे लहान असतात, तरी सगळं मिळून नऊ-दहा हजार शब्द वाचायचे. एका उताऱ्याला पाच मिनिटं धर, त्यातली अडीच वाचायला. म्हणजे मिनिटाला साधारण १८० शब्द. हा वेग काही फार नाही. तुझा वेळ परत पहिल्यापासून वाचण्यात जातोय.

दुसरं, पेपर कोणते सोडवतेस ते बघ. उताऱ्यांवरची पद्धत २०२० पासून आली. त्याआधीचे पेपर सुट्या शब्दांचे, सुट्या नियमांचे. त्यांच्यावर सराव करून ही परीक्षा जमणार नाही. २०२० ते २०२३ चे पेपर १५० प्रश्नांचे आहेत, त्यातले उतारे सुटे करून घे. क्लॅट घेणाऱ्या विद्यापीठांच्या संघाच्या, म्हणजे कन्सोर्टियमच्या, संकेतस्थळावर फुकट मिळतात.

मी स्वतः प्रश्न आधी वाचायचो, मग उतारा. मला जमलं. आणि शब्दांच्या वह्या आजच बंद कर.

अंबाजोगाईची, खंडपीठात वकिली

अगं, मीही मराठी माध्यमाचीच, अंबाजोगाईची. आता छत्रपती संभाजीनगरला उच्च न्यायालयाच्या खंडपीठात नऊ वर्षं काम करते. तुझा प्रश्न वाचून राहवलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुझं उत्तर खरंच होतं. फक्त ते उताऱ्यातलं नव्हतं, मामाच्या शेतातलं होतं.

माझी एक गोष्ट सांगते. सीनिअर वकिलांकडे लागून दोन महिने झाले होते. भूसंपादनाच्या एका प्रकरणात त्यांनी मला जुना निकाल वाचून टिपण काढायला सांगितलं. मी रात्री जागून टिपण काढलं, चौदाव्या परिच्छेदातलं वाक्य ठळक केलं आणि वर लिहिलं, "न्यायालयाने असे म्हटले आहे." सकाळी सरांनी निकाल माझ्यासमोर ठेवला, चौदाव्या परिच्छेदाच्या पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे कोण म्हणतंय?" ओळ होती, प्रतिवादीच्या विद्वान वकिलांचा युक्तिवाद असा की... म्हणजे ते समोरच्या वकिलाचं म्हणणं होतं. न्यायालयाने ते पुढे एकविसाव्या परिच्छेदात फेटाळलं होतं. ते टिपण तसंच गेलं असतं तर आमच्याच अशिलाच्या विरोधातली गोष्ट आम्ही न्यायालयाचं मत म्हणून मांडली असती. त्या टिपणात मला न कळलेला शब्द एकही नव्हता.

तुझ्या भूजलाच्या उताऱ्यात हेच झालं. खोल बोअरचं म्हणणं तज्ज्ञांचं. लेखक ते आधी मांडतो आणि तिसऱ्या परिच्छेदात बाजूला सारतो. तिथं नक्की एखादं "हाउएव्हर", "यट" किंवा "बट" असणार, काढून बघ. तज्ज्ञांचं म्हणणं तुझ्या अनुभवाशी जुळलं, म्हणून तू तिथंच थांबलीस. ज्या विषयातलं आपल्याला जास्त कळतं, त्या उताऱ्यात जास्त जपायचं. मराठवाड्यातल्या पोरीला पाण्याबद्दल कुणी शिकवायला नको, आणि नेमकं म्हणूनच त्या उताऱ्यात तू लेखकाचं ऐकून घेतलं नाहीस.

यावर मी करते तो उपाय साधा आहे. पेन्सिल घ्यायची आणि प्रत्येक परिच्छेदाच्या समासात एक अक्षर लिहायचं. लेखक स्वतः बोलत असेल तर "ले". दुसऱ्या कुणाचं म्हणणं सांगत असेल तर "दु". नुसती माहिती असेल तर "मा". क्लॅट कागदावर होते, प्रश्नपुस्तिकेवर खुणा करता येतात. तुझा उतारा "मा, दु, ले" असा निघेल. मग "लेखकाच्या मते" असा प्रश्न आला की थेट "ले"कडे जायचं, सगळं परत वाचायची गरज राहत नाही. पहिले पंधरा दिवस यात वेळ जास्त जाईल, जाऊ दे. तोवर घड्याळ लावू नकोस.

प्रश्न आधी वाचायचे की उतारा, यात माझं नांदेडच्या दादापेक्षा वेगळं मत आहे. ज्याला उतारा एका वाचनात कळतो त्याला प्रश्न आधी वाचून फायदा होतो. तू आत्ता प्रश्न आधी वाचलेस तर उताऱ्यात फक्त उत्तरं शोधत फिरशील, आणि कोण बोलतंय ते परत सुटेल.

आता मराठी माध्यमाचं. तू खरं सांगा म्हणालीस, म्हणून सांगते. अडचण आहे, पण ती शब्दांची नाही. मराठी वाक्याचा निकाल शेवटी लागतो, क्रियापद आणि "नाही" शेवटी येतं. आपण शेवटापर्यंत थांबायला शिकलेलो असतो. कायद्याचं इंग्रजी निकाल आधी सांगतं आणि अटी मागून जोडत जातं. संविधानाचा अनुच्छेद २१ घे: "नो पर्सन शॅल बी डिप्राइव्ह्ड ऑफ हिज लाइफ ऑर पर्सनल लिबर्टी एक्सेप्ट अकॉर्डिंग टू प्रोसीजर एस्टॅब्लिश्ड बाय लॉ." नकार पहिल्याच शब्दात आला. अपवाद "एक्सेप्ट"पासून मागे. मराठी संविधानात हाच अनुच्छेद काढ: अपवाद आधी येतो आणि "नाही" अगदी शेवटी. दोन्ही प्रती शेजारी ठेवून रोज एक अनुच्छेद वाच, १४ पासून सुरू कर. कुठला तुकडा कुठून कुठं गेला ते बोटानं दाखव. मला याने जेवढा फायदा झाला तेवढा कुठल्याच क्लासने झाला नाही.

करार कायदा, १८७२, कलम ११ पण असंच. "एव्हरी पर्सन इज कॉम्पिटंट टू कॉन्ट्रॅक्ट" इथंच वाक्य संपल्यासारखं वाटतं. मग मागून "हू" येतो: जी सज्ञान आहे, आणि जिचं मन ठिकाणावर आहे, आणि जिला कुठल्या कायद्यानं अपात्र ठरवलेलं नाही. तीन अटी "अँड"ने बांधलेल्या. तिन्ही लागतात. आता समज, उताऱ्यात हा नियम दिला आणि प्रश्न आला: सतरा वर्षांचा पोरगा, व्यवहारात तरबेज, बाजारात बापापेक्षा चांगला भाव करतो, त्याने शेळी विकायचा करार केला. वैध का? तुझं मन म्हणेल, एवढा हुशार आहे, बाजारात असले पोरं रोज शेळ्या विकतात. पण पहिली अट तुटली की पुढच्या दोन बघायच्याच नाहीत. अज्ञानाचा, म्हणजे सज्ञान न झालेल्याचा, करार मुळातच शून्य, हे प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वांत वरच्या न्यायालयाने, १९०३ मध्ये मोहरी बीबीच्या प्रकरणात सांगून ठेवलंय. ते प्रकरण पाठ असायची मात्र गरज नाही. उताऱ्यात दिलेला नियम पुरतो. उलट, उताऱ्यातला नियम तुला माहीत असलेल्या कायद्याशी जुळत नसेल, तरी उत्तर उताऱ्याप्रमाणेच द्यायचं.

आणखी एक सवय मोडावी लागेल. दहावीला उताऱ्यातलं वाक्य जसंच्या तसं उचलून लिहिलं की गुण मिळायचे. इथं ज्या पर्यायात उताऱ्यातलेच शब्द दिसतात तो बऱ्याचदा सापळा असतो. बरोबर पर्याय तीच गोष्ट दुसऱ्या शब्दांत सांगतो. म्हणून दोन पर्यायांत अडकलीस तर प्रत्येकाला विचार: हे कोणत्या ओळीवरून? ओळ दाखवता आली नाही तर तो पर्याय गेला.

वाचायला इंग्रजी वर्तमानपत्राचा एकच अग्रलेख घे, चार नको. वाचून झाल्यावर पेपर उलटा ठेव आणि घरात कुणालातरी दोन वाक्यांत मराठीत सांग. सांगताना अडखळलीस तिथंच तुला कळलेलं नसतं. सर्वोच्च न्यायालयाच्या काही निकालांचे मराठी अनुवादही संकेतस्थळावर आहेत. एखादा निकाल मराठीत वाचून मग इंग्रजीत वाचलास तर "दु" आणि "ले" लगेच वेगळे दिसतील.

कथेतला उतारा आला तर ही अक्षरं फार उपयोगी पडत नाहीत. तिथं माणसाचा सूर बघायचा. ते पुन्हा कधी सांगेन.

आणि सीईटी लॉचा, म्हणजे राज्याच्या कायदा प्रवेश परीक्षेचा, फॉर्मही भर. तो पेपर मराठीतूनही देता येतो.

हिंगोलीचे गुरुजी, निवृत्त

बाळ, वकीलताईंनी नेमकं सांगितलं. मी छत्तीस वर्षं मराठी शिकवलं. एकच भर घालतो. इंग्रजी उताऱ्यांबरोबर आठवड्यातून दोनदा मराठी वैचारिक लेखाचा एक तृतीयांश सारांश लिही, पेनाने, पूर्ण वाक्यांत. सारांशात आपलं मत घालायचं नाही, हा नियम आम्ही वर्गात घसा कोरडा पडेपर्यंत सांगायचो. तू जे मामाच्या बोअरचं लिहिलंस ते वाचून मला माझे विद्यार्थी आठवले. त्यातल्या चांगल्या पोरांचीच ही चूक व्हायची, कारण त्यांना विषयाची तळमळ असायची.

सेलूची लेक

गुरुजी, दादा, ताई, तुमचे उपकार. शब्दांच्या वह्या कपाटात ठेवल्या.

भूजलाचा उतारा परत काढला. तिसरा परिच्छेद "यट"नेच सुरू होतो. तेव्हा मी तो शब्द बघितलाच नव्हता. समासात "मा, दु, ले" लिहिलं. मग काल रात्री पप्पा जेवायला बसल्यावर त्यांना दोन वाक्यांत सांगितलं. ते असं:

"जुन्या कायद्यानं पाणी जमिनीला बांधलं, त्यामुळं ज्याची जमीन नाही त्याला पाण्यावर काही म्हणता येत नाही. नुसते खोल बोअर बंद करून हे सुटणार नाही, सरकारनं भूजल ताब्यात घ्यावं असं लेखक म्हणतो."

पप्पांनी विचारलं, "म्हणजे आपल्या विहिरीचं पाणी सरकारचं?" मला उत्तर देता आलं नाही.

अंबाजोगाईची, खंडपीठात वकिली

पप्पांनी बरोबर जागी बोट ठेवलं. पहिलं वाक्य चोख आहे. दुसऱ्यातलं "ताब्यात घ्यावं" कोणत्या ओळीवरून आलं? ती ओळ जशी आहे तशी इथं लिही.

सेलूची लेक

ओळ अशी आहे: "द स्टेट मे होल्ड इट इन ट्रस्ट फॉर ऑल." मी "होल्ड"चा अर्थ ताब्यात घेणं असा धरला. पुढचं "इन ट्रस्ट" वाचलं होतं, पण सोडून दिलं.

अंबाजोगाईची, खंडपीठात वकिली

सापडलं बघ. "इन ट्रस्ट" म्हणजे विश्वस्त म्हणून. देवस्थानचा विश्वस्त जमीन सांभाळतो, पण ती त्याची होत नाही, त्याला ती मनाला येईल तशी विकता येत नाही. नदी, पाणी, जंगल अशा गोष्टी सरकारकडे लोकांच्या वतीने विश्वस्त म्हणून असतात, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ या खटल्यात, १९९६ च्या डिसेंबरात, स्पष्टपणे स्वीकारलं. पण ती माहिती आत्ता बाजूला ठेव, उताऱ्याकडेच बघ. आणि त्याच ओळीत "मे" आहे, म्हणजे करता येईल. "शॅल" असतं, म्हणजे केलंच पाहिजे, तर लेखकाचं म्हणणं वेगळं झालं असतं. दुसरं वाक्य परत लिही.

सेलूची लेक

"नुसते खोल बोअर बंद करून हे सुटणार नाही, सरकारला सगळ्यांच्या वतीनं विश्वस्त म्हणून भूजल सांभाळता येईल, असं लेखक सुचवतो."

पप्पांना आता वाचून दाखवलं. म्हणाले, "मग असं आधी सांगायचं की."

उद्या अनुच्छेद १४.