बर्लिनमध्ये ताजी भाजी कुठं मिळते? आईनं बॅग भरायला घेतलीय

रंकाळ्याचा_वारा
ऑक्टोबरात मास्टर्सला बर्लिनला चाललोय. आजवर भाजी म्हणजे आई कोल्हापुरात कपिलतीर्थ मार्केटात आत जाणार आणि मी गाडीवर बाहेर थांबणार, एवढाच अनुभव, तवा हसू नका. तिकडं सगळं प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं असतंय म्हणे. आपल्या मंडईसारखं काय असतंय का? आई मेथी, कढीपत्ता, तूप सगळं बॅगेत कोंबायलीय, चालतंय का ते?

शेपूला_भिऊन_पळालेला
भावा पहिलं तूप बाहेर काढ. युरोपात बाहेरनं येताना दुधाचं आणि मटण-चिकनचं काहीच आणायला चालत नाही, पेढेबी नाहीत. ताज्या पाल्याला सर्टिफिकेट लागतंय, ते कोण काढत बसणार. वाळवलेले मसाले आण.

मंडई आहे की! माइबाखउफरला कालव्याच्या काठानं तुर्की बाजार भरतोय, मंगळवार आणि शुक्रवार. यू८ मेट्रोनं शोनलाइनश्ट्रासेला उतरायचं, आरडाओरडा ऐकू येईल तिकडं चालायचं, लक्ष्मीपुरीत आल्यागत वाटतंय. भेंडी, वांगी, हिरव्या मिरच्या, कोथिंबीर जुडीनं. फक्त जुडी नाकाला लावूनच घे. मी पहिल्या महिन्यात पार्सली आणली कोथिंबीर समजून, मिसळीच्या कटावर मस्त पेरली, आणि चार पोरं गप खात बसली, कोण काय बोलंना. दिसायला सेम, वास गवताचा. आणि शेपू? डिल म्हणून दुकानादुकानात. ज्याला भिऊन पळालो तो आधीच येऊन बसलाय.

उपनगरी_जोशी
वरच्यांनी बाजाराचं जरा जास्तच कौतुक केलंय. संध्याकाळी बाजार उठायच्या टायमाला भाव पाडतात हे खरं, पण तेव्हा पेटीभर घेतलेली स्ट्रॉबेरी दुसऱ्या दिवशी पाणी सोडते, एकट्या माणसानं त्या नादाला लागू नये. जर्मन आठवडी बाजार वेगळा, तिथं शेतकरी असतात, माल एक नंबर पण महाग. आणि तिथं आपल्यासारखं टोमॅटो दाबून बघायला जाऊ नकोस, पाटी असते 'बिटे निश्ट आनफासेन', हात लावू नका. काय पाहिजे ते सांगायचं, ते देतात. सुट्टे पैसे ठेव, सगळीकडे कार्ड चालत नाही. रविवारी दुकानं बंद, त्यामुळे शनिवारी दुपारी जाग आली तर आधी दूध-भाजी, मग बाकीचं.

बटाटा घेताना पिशवीवर बघ. 'फेस्टकोखेंड' म्हणजे शिजून घट्ट राहणारा, भाजीला. वड्याला 'मेहलिगकोखेंड', पिठूळ. मी वर्षभर चुकीचा घेत होतो आणि वड्याला शिव्या घालत होतो.

गंगावेशीतली_काकू
बाळा, माझी लेक म्युनिकला असते. मेथीची जुडी शोधत बसू नकोस, तिकडच्याच दुकानातल्या मेथ्या मूठभर भिजवून कुंडीत पेर, खिडकीत ठेव, कोवळी असतानाच कापायची. आणि आईला सांग, तुपाच्या जागी चटणी दे. संकेश्वरी मिरची जरा जास्त घालून डंकावर कुटून आण, कांदा-खोबरं कोरडं खरपूस भाजायचं, ओलसर राहिलं की वास येतो. स्टीलच्या डब्यात, वरनं दोन पिशव्या. लेकीनं एकदा एकाच पिशवीत नेली, तिचा स्वेटर अजून मिसळीचा वास मारतो.

रंकाळ्याचा_वारा
तूप बाहेर निघालं, आई फुगून बसलीय. काकू, चटणीचं सांगितल्यावर जरा हसली. पण मेन प्रश्न राहिलाच की, मटणाचं काय?

शेपूला_भिऊन_पळालेला
आता आलास मुद्द्यावर. बोकड सहज मिळत नाही, तुर्की खाटकाकडं लँब मिळतंय. हाडासकट पाहिजे म्हणून आधीच सांग, नायतर तो प्रेमानं सगळी हाडं काढून देतोय आणि पांढऱ्या रश्श्याला आळणी, म्हणजे मटण शिजवलेलं पाणी, कशाची काढणार? आलास की मेसेज टाक, पहिल्या शुक्रवारी पिशव्या घेऊन जाऊ.