झॉम्बी कादंबऱ्या आवडीने वाचणाऱ्यांनो, तुमचे अनुभव लिहा

झॉम्बी म्हटलं की लोकांना सिनेमे आणि सिरीज आठवतात, हा धागा मात्र वाचणाऱ्यांसाठी आहे. जगाची घडी पार विस्कटलीय, मेलेली माणसं रस्त्यावरून चालतायत, मूठभर जिवंत माणसं कुठेतरी दार लावून बसलीयेत, आणि असलं काहीतरी आपण रात्री झोपायच्या आधी मन लावून वाचतो. का वाचतो, कुठलं पुस्तक डोक्यात बसलं, कुठे मिटून ठेवावंसं वाटलं, सगळं लिहा. लांबलं तरी हरकत नाही. फक्त शेवट फोडू नका.

सुरुवात मीच करतो. माझं आवडतं मॅक्स ब्रुक्सचं 'वर्ल्ड वॉर झी', 2006 चं. 2013 चा सिनेमा बघून पुस्तकाचा अंदाज बांधला असेल तर तो सोडून द्या, दोन्हींत नाव सोडलं तर फारसं काही सारखं नाही. पुस्तकात हिरोच नाहीये. युद्ध संपलंय आणि एक माणूस जगभर फिरून वाचलेल्यांच्या मुलाखती घेतोय, सैनिक, डॉक्टर, माणसांची चोरटी वाहतूक करणारा, स्पेस स्टेशनवर थांबून उपग्रह चालू ठेवणारा अंतराळवीर, आणि प्रत्येकजण आपल्या वाट्याला आलेला तुकडा तेवढा सांगतो. माणूस टिकलाय हे पहिल्यापासून माहीत असतं त्यामुळे 'वाचतील का' ही धाकधूक राहत नाही, कसे वाचले आणि काय काय सोडून वाचले इकडे नीट लक्ष जातं. यॉन्कर्सच्या लढाईचं प्रकरण तर मी कितीदा काढून वाचतो. एवढं मोठं सैन्य, रणगाडे, विमानं, पण सगळी आखणी समोरच्याला घाबरवून पळवायची, आणि समोरचा घाबरतच नाही! त्याला जखम कळत नाही, शेजारी पडलेला दिसत नाही. शेवटी भीती पसरते ती सैनिकांमध्येच, आणि तीही ज्या यंत्रणेने सगळ्यांना एकमेकांचं दिसावं ऐकू यावं म्हणून जोडलेलं असतं तिच्यातूनच. याचं ऑडिओबुक मिळालं तर जरूर ऐका, वेगवेगळ्या मुलाखतींना वेगवेगळे कलाकार आहेत, खरंच कुणीतरी समोर बसून सांगतंय असं वाटतं.

*

मी नर्स आहे. नाईट ड्यूटीला जरा निवांत मिळालं की फोनवर वाचते. बरोबरच्या मुली म्हणतात, इथं दिवसरात्र बघतेस ते कमी पडतं का गं. पण वॉर्डमधल्यासारखं तिथं काही नसतं. तिथं आजाराचे नियम ठरलेले असतात, चावा, मग ताप, मग काही तासांत खेळ खल्लास. खऱ्या आजारात इतकं स्पष्ट कधीच नसतं, कोण सुधारेल कोण नाही हे भल्याभल्या डॉक्टरांना सांगता येत नाही, म्हणून तो स्पष्टपणा वाचताना मला बरा वाटतो.

माझं लक्ष नेहमी एकाच माणसावर असतं, चावा लपवणाऱ्यावर. जवळपास प्रत्येक पुस्तकात असतोच असा एकजण, बाही खाली ओढून बसलेला, 'मी ठीक आहे, जरा दमलोय' म्हणणारा. वाचणारे सगळे त्याच्यावर चिडतात. मला त्याचं सगळं कळतं. खोकला लपवणारे, किती दिवस ताप आहे ते चुकीचं सांगणारे पेशंट आम्ही रोज बघतो आणि त्यातला जवळजवळ प्रत्येकजण घाबरलेला असतो, की खरं सांगितलं तर मला घरच्यांपासून बाजूला काढतील. ज्या गोष्टीत चावलेल्याला दिसताक्षणी गोळी घालायची पद्धत असते तिथं लोक हमखास लपवतात आणि अख्खी टोळी मरते. आणि क्वचित एखादा लेखक असा निघतो जो आधीच ठरवून ठेवतो की चावलेल्यासाठी वेगळी खोली असेल, शेवटपर्यंत दाराशी कुणीतरी बसेल, पाणी देईल, बोलत राहील. तिथं माणसं स्वतःहून येऊन सांगतात. असलं वाचलं की मी त्या लेखकाची बाकीची सगळी पुस्तकं शोधून काढते.

*

मला फक्त सुरुवात आवडते, प्रामाणिकपणे. बातमीच्या कोपऱ्यात दोन ओळी, कुठलीतरी विमानं रद्द, शेजारचा माणूस आज दिसला नाही, शाळेतून लवकर न्यायला या म्हणून फोन. लोक अजून उद्याचे बेत करत असतात आणि आपल्याला कळलेलं असतं की उद्या नाहीये. एकदा का मंडळी किल्लाबिल्ला शोधून त्यात शिरली आणि नेता कोण यावरून भांडायला लागली की माझा इंटरेस्ट संपतो. तुमच्यापैकी कुणी जॉन विंडमचं 'द डे ऑफ द ट्रिफिड्स' वाचलंय का? झॉम्बी नाहीत त्यात, चालणाऱ्या विषारी वनस्पती आहेत, पण माणूस हॉस्पिटलात जागा होतो, डोळ्यांवर पट्टी, आणि बाहेर जी शांतता असायला नको ती आहे, ही सुरुवात 1951 सालची आहे. पुढे कितीतरी झॉम्बी गोष्टींत हीच हॉस्पिटलमधली जाग आलीय आणि दर वेळी मी तितकाच ओढला जातो.

*

बायोलॉजी शिकवते. एम. आर. केरीचं 'द गर्ल विथ ऑल द गिफ्ट्स' (2014) माझ्या हातात एका विद्यार्थिनीने दिलं, म्हणाली मॅडम यात तुमची बुरशी आहे. खरंच होती! ऑफिओकॉर्डिसेप्स. ही बुरशी खरी आहे, जंगलातल्या मुंग्यांना धरते. लागण झालेली मुंगी वारूळ सोडून भटकायला लागते, जमिनीपासून साधारण 25 सेंटीमीटर उंचीवर एखाद्या पानाच्या खालच्या बाजूची शीर जबड्यात पकडते आणि तशीच मरते, जबडा सुटतच नाही. मग डोक्याच्या मागून बुरशीचा देठ उगवतो आणि त्यातून बीजाणू खाली पडतात, जिथून बाकीच्या मुंग्यांची ये-जा असते बरोबर तिथेच. आणि याहून विलक्षण म्हणजे 2017 मध्ये संशोधकांना दिसलं की बुरशीच्या पेशी मुंगीच्या अंगभर स्नायूंना वेढून बसतात, मेंदूत मात्र शिरत नाहीत. म्हणजे शरीर दुसऱ्याच्या ताब्यात आणि मेंदू जागच्या जागी. हे मी वर्गात सांगते तेव्हा मागच्या बाकावरची मुलंसुद्धा गप्प होतात. माणसाला ही बुरशी होत नाही, काळजी नको, एवढं उबदार शरीर बहुतेक बुरशांना झेपत नाही, आणि ही तर विशिष्ट मुंग्यांनाच धरून असते.

पण पुस्तक बुरशीसाठी लक्षात राहिलं नाही, मेलनीसाठी राहिलं. दहाएक वर्षांची हुशार मुलगी, रोज सकाळी सैनिक तिच्यावर बंदूक रोखून तिला चाकाच्या खुर्चीत पट्ट्यांनी बांधतात आणि वर्गात नेतात, का ते तिला माहीत नाही. आणि तिचा सगळा जीव एका बाईंवर, मिस जस्टिनोवर. शिकवणाऱ्या कुणीही वाचावं. मुलांना आपण काय आहोत हे कळायच्या आधी त्यांना आवडत्या बाई असतात, एवढं खरं मी या प्रकारच्या पुस्तकात दुसरीकडे वाचलं नाहीये.

*

मी मेकॅनिक आहे आणि माझं पेट्रोलबद्दल म्हणणं आहे. पाच पाच वर्षं जग बंद पडलंय आणि हिरो रस्त्यावरच्या गाडीच्या टाकीत नळी घालून तोंडाने ओढून पेट्रोल काढतो आणि गाडी झटक्यात चालू. नाही होणार भाऊ! पेट्रोल नुसतं ठेवलं तरी काही महिन्यांत उतरतं, त्यातला हलका भाग उडून जातो, हवा लागून चिकट गाळ धरतो, इथेनॉल मिसळलेलं असेल तर ओलावा ओढून घेतं, वर बॅटरी कधीच बसलेली असते आणि टायरची हवा गेलेली असते. डिझेल जरा जास्त दम काढतं पण त्यालाही पाणी धरलं की शेवाळासारखं काहीतरी होऊन फिल्टर चोक होतात. विजेचंही तसंच, जितकी वीज लागते तितकीच त्या क्षणाला तयार व्हावी लागते, तो तोल सांभाळणारी माणसं कामावर आली नाहीत तर एकेक भाग आपोआप बंद पडत जातो, आणि वीज गेली की पंप गेले आणि पंप गेले की नळ गेले. हे सगळं कुठल्या क्रमाने थांबेल ते डोक्यात मांडत बसायला मला फार आवडतं. वाचता वाचता वहीत लिहितो, पहिल्या दिवशी काय चालू, आठवड्याने काय, महिन्याने काय. लेखकाने तो क्रम बरोबर पकडला असेल तर मग मेलेले उठले हेसुद्धा मी खुशाल मान्य करतो. आणि सायकल का कुणी घेत नाही? आवाज नाही, इंधन नाही, पंक्चर हाताने काढता येतं. माझ्या वाचनात सायकलवाले फारच थोडे आले.

*

वडील गेले त्यानंतर मला कुठलंच पुस्तक वाचवेना. घरात धाकट्या भावाचं जोनाथन मेबरीचं 'रॉट अँड रुइन' पडलं होतं, किशोरवयीन मुलांसाठीचं, 2010 चं, सहज उचललं. त्यात टॉम नावाचा एकजण आहे, झॉम्बी मारणं हाच त्याचा धंदा, पण तो करतो काय तर ज्यांची माणसं तशी होऊन कुठेतरी भटकतायत ते नातेवाईक त्याला पत्त्यासकट पत्र देतात, आणि तो त्या माणसाला शोधतो, बांधतो, समोर उभं राहून घरच्यांचं पत्र त्याला वाचून दाखवतो आणि मगच त्याला शांत करतो. त्याचा लहान भाऊ पहिल्यांदा हे बघतो ते पान वाचताना मी खूप रडले. बाबा शेवटी आयसीयूत होते, बोलता आलं नाही, आम्हाला आत सोडलं तेव्हा ते शुद्धीवर नव्हते. मी त्यांना काय लिहिलं असतं ते मग लिहून काढलं. नंतर पुस्तकंही वाचता यायला लागली. मारामारीची पुस्तकं म्हणून लोक नाकं मुरडतात, मला ती बोलायचं राहून गेलेल्यांची पुस्तकं वाटतात.

*

चावणाऱ्या झॉम्बींपेक्षा न चावणारे मला जास्त हलवतात. लिंग मा या लेखिकेचं 'सेव्हरन्स' (2018) वाचा, त्याच नावाच्या सिरीजशी याचा संबंध नाही. त्यात ताप आलेली माणसं कुणावर झेप घेत नाहीत, आयुष्यभर केलेलं काम पुन्हा पुन्हा करत राहतात, टेबल मांडायचं, आवरायचं, परत मांडायचं, अंग झिजून संपेपर्यंत. आणि नायिका कॅन्डेस, जिला ताप नाहीये, ती रिकाम्या होत चाललेल्या न्यूयॉर्कमध्ये ऑफिसला जात राहते कारण तसा करार केलाय. मी लॉकडाउनमध्ये घरच्या टेबलावरून मीटिंगमागून मीटिंग करत होते तेव्हा वाचलं, आणि मधूनच पुस्तक ठेवून गॅलरीत जाऊन उभी राहायचे. कोल्सन व्हाइटहेडच्या 'झोन वन'मध्येही (2011) असे जागीच थिजलेले लोक आहेत, एकजण तर ऑफिसातल्या कॉपी मशिनपाशीच उभा. तिथं त्यांना साफ करायला येणाऱ्या टोळ्या आहेत. रक्त आवडत नाही म्हणून या प्रकाराकडे न फिरकणाऱ्यांनी या दोन पुस्तकांपासून सुरू करायला हरकत नाही, 'झोन वन'मध्ये थोडं आहे, पण वाक्यं इतकी सुंदर आहेत की सहन होतं.

*

थोडं मागे जाऊन लिहितो कारण याबद्दल फार कमी बोललं जातं. झॉम्बी हैतीतून आलाय आणि तिथला झॉम्बी कुणाला खात नाही. फ्रेंचांच्या ताब्यात असताना तिथल्या साखरेच्या मळ्यांत आफ्रिकेतून आणलेले गुलाम मरेपर्यंत राबायचे. 1791 मध्ये त्यांनी उठाव केला आणि 1804 मध्ये देश स्वतंत्र केला. लोककथेतला झॉम्बी म्हणजे मेल्यावरही ज्याला मांत्रिक उठवून कामाला जुंपतो तो. मेल्यावर तरी सुटका होईल ही एकच आशा, तीही काढून घेतलेली, याहून मोठी भीती कुठली? माणसं खाणाऱ्या झुंडी आपल्याकडे आल्या त्या जॉर्ज रोमेरोच्या 1968 च्या सिनेमानंतर, आणि त्याने प्रेरणा घेतली होती रिचर्ड मॅथेसनच्या 1954 च्या 'आय ॲम लेजंड'वरून, ज्यात खरं तर व्हॅम्पायर आहेत. हे कळल्यापासून मी झॉम्बीकडे आधी हा कोण होता या नजरेने बघायला लागलो, आणि ज्या लेखकाच्या झुंडीत एकालाही चेहरा नसतो, नुसती डोकी फोडत सुटायचं असतं, ती पुस्तकं मला आता पूर्ण होत नाहीत.

*

महासाथीत सगळे म्हणायचे तुझी तर प्रॅक्टिस झालेली आहे. खरं सांगू, मला थोडीशी झालीच होती. दुकानं रिकामी होतील, अफवा पसरतील, शहाणी माणसं एकदम विचित्र वागतील, हे आधी पुस्तकात शंभरदा अनुभवलेलं असल्यामुळे मी दचकले नाही. 2021 मध्ये एक अभ्यासही आला होता, त्यात अशा जग-बुडी छापाचे सिनेमे आवडणाऱ्यांनी आपण महासाथीला जास्त तयार होतो असं सांगितलं होतं. पण एक गोष्ट पुस्तकांनी साफ चुकीची शिकवली होती. पुस्तकात दोन आठवड्यांत शेजारी एकमेकांच्या जिवावर उठतात. आमच्या बिल्डिंगमध्ये लोकांनी याद्या केल्या, कोण एकटं राहतं, कुणाला औषधं लागतात, कोण खाली उतरू शकत नाही. तेव्हापासून मी असं काही लिहिणाऱ्या लेखकांच्या शोधात आहे, माणसं चांगली वागतात आणि तरी गोष्ट थरारक राहते अशी. माहीत असतील तर सुचवा, खरंच हवी आहेत.

*

वरच्या ताईंना, तुम्ही सगळ्यात वर सांगितलेलं 'वर्ल्ड वॉर झी'च घ्या, त्यात अशी बरीच माणसं आहेत. आणि मेकॅनिक दादा, सायकलबद्दल शंभर टक्के पटलं. माझा चौदा वर्षांचा मुलगा आणि मी एकच पुस्तक दोन बुकमार्क घालून वाचतो, तो पुढे असतो आणि मी मागे, आणि सध्या वाद चालूय की निघताना काय न्यायचं. तो म्हणतो कुऱ्हाड. मी म्हणते चष्मा, दोन जोड, कारण चष्मा फुटला तर मला कुऱ्हाड दिसणारच नाही. त्याने तुमचं वाचलं आणि यादीत सायकल घातली, पंक्चरचं सामान आणि हवेचा पंपसुद्धा. आता विचारतोय चेन तुटली तर काय करायचं, तेवढं सांगा.