अनुभव धागा: हरणाऱ्या संघाचं तिकीट तुम्ही का काढलंत?

२००८ साली डेट्रॉइट लायन्स सोळा सामने खेळले आणि सोळाही हरले. अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएलमध्ये सोळा सामन्यांचा हंगाम एकही विजय न मिळवता संपवणारा तो पहिला संघ. त्या वर्षी त्याच संघाचं दोन खुर्च्यांचं सीझन तिकीट (हंगामभराच्या घरच्या सामन्यांचं) माझ्याकडे होतं.

खरं तर ते एका सहकाऱ्याचं. मोटारींच्या धंद्याला तेव्हा उतरती कळा लागली होती. जूनमध्ये त्याची नोकरी गेली आणि त्याने ऑफिसात विचारत विचारत शेवटी मला विचारलं. पुण्याहून येऊन मला दोनच वर्षं झाली होती, खेळाचे नियमही धड कळत नव्हते. त्याला हातभार लागावा, एवढ्यासाठी मी तिकीट घेतलं.

थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरअखेरच्या अमेरिकन सणाच्या) दिवशी लायन्सचा सामना घरच्या मैदानावर होतो, ही प्रथा १९३४ पासूनची. त्या वर्षी समोर टेनेसी टायटन्स. मध्यंतराला ३५-१० अशी पिछाडी, शेवटी ४७-१०. चारपैकी तिसऱ्या क्वार्टरमध्येच वरचा मजला भराभर रिकामा होऊ लागला. मीही कोट चढवला. शेजारच्या खुर्चीवर एक आजोबा असायचे, तीस वर्षं मोटार कारखान्यात काढून निवृत्त झालेले. त्यांनी माझी बाही धरली आणि म्हणाले, "बस थोडं. अजून एक क्वार्टर बाकी आहे." मी बसलो. का बसलो ते तेव्हा मला सांगता आलं नसतं.

तर हा धागा त्या बसण्याबद्दल. संघ नव्याने उभा राहत असतो, हरत असतो, आणि तरी कुणीतरी खिशातले पैसे घालून तिकीट काढतं. तुम्ही काढलंत का? कधी थांबलात का? फुटबॉल कुठलाही चालेल, देश कुठलाही.

नोव्हाय, मिशिगन

धागा वाचून लगेच लिहायला बसले. २००९ मध्ये आमच्याच घरात नोकरी गेली होती. एप्रिलअखेर क्रायस्लरने दिवाळखोरी जाहीर केली, १ जूनला जनरल मोटर्सने. त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या किती लहान कंपन्या त्यापाठोपाठ बंद पडल्या, त्याचा हिशोब आमच्या मित्रमंडळींतच करता आला असता. यांची कंपनी त्यातलीच एक.

त्या काळचा एक नियम आता नव्या लोकांना माहीत नसतो. सामन्याच्या ७२ तास आधी सगळी तिकिटं विकली गेली नाहीत, तर मैदानापासून ७५ मैलांच्या आत तो सामना टीव्हीवर दाखवायचा नाही. लोकांनी घरी न बसता मैदानावर यावं, हा त्यामागचा हेतू. पण ज्या गावात पगारच बंद झालेत, तिथे तिकीट काढणार कोण? म्हणजे ज्यांना तिकीट परवडत नाही, त्यांना टीव्हीही नाही. (लीगने २०१५ पासून हा नियम स्थगित केला, ते फार बरं झालं.)

२७ सप्टेंबर २००९. संघ सलग एकोणीस सामने हरलेला, समोर वॉशिंग्टन, तिकिटं उरलेली, टीव्ही बंद. आम्ही गॅरेजमध्ये रेडिओ लावला. यांनी महिनाभर कुणाशी धड बोलणं टाकलं होतं. शेवटच्या चढाईत वॉशिंग्टन जवळ येत गेलं तसे हे उभे राहिले. लायन्स १९-१४ ने जिंकले. समोरच्या घरातले गृहस्थ आपल्या गॅरेजमधून बाहेर आले, तेही रेडिओच ऐकत होते. दोघांची तोवर हात हलवण्यापुरतीच ओळख. त्या दिवशी ते रस्त्याच्या मधोमध तासभर बोलत उभे होते. नोकरी पुढच्या मार्चमध्ये लागली. पहिल्या पगारातून यांनी काय आणलं असेल, तर पुढच्या हंगामातल्या एका सामन्याची चार तिकिटं: दोन आमची, दोन समोरच्यांची.

पुणे, औंध

आमचा फुटबॉल तो गोल चेंडूचा. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली आणि बालेवाडीला एफसी पुणे सिटी आला. मुलगा तेव्हा आठ वर्षांचा. पहिले तीन हंगाम उपांत्य फेरीही नाही. तरी आम्ही जायचो, कारण घरापासून दुचाकीवर पंधरा मिनिटं आणि तिकीट सिनेमाएवढं.

२०१७-१८ ला मात्र संघ जमून आला. मार्सेलिन्यो आणि अल्फारो पुढे, आणि पहिल्यांदाच उपांत्य फेरी. बेंगळुरूविरुद्धचा पहिला सामना बालेवाडीत ०-० सुटला, परतीच्या सामन्यात छेत्रीने तीन गोल केले आणि आपण ३-१ ने गेलो. मुलगा रडला. मी त्याला म्हटलं, "अरे, संघ आत्ता कुठे बांधला जातोय. पुढच्या वर्षी बघ."

२०१९ मध्ये संघच बंद झाला. त्याची जागा हैदराबादच्या नव्या संघाने घेतली. मुलाने विचारलं, "बाबा, आता आपण कुणाचे?" मला उत्तर देता आलं नाही. तुम्ही सगळे वाईट वर्षांबद्दल लिहिताय. पण वाईट वर्षं काढायला संघ तरी जागेवर असावा लागतो. जर्सी अजून कपाटात आहे, आता त्याला ती होत नाही.

क्लीव्हलंड, ओहायो

औंधच्या काकांना सांगावंसं वाटतं की आमच्या शहराने हे दुःख पाहिलंय. १९९५ च्या हंगामानंतर आमचा एनएफएलमधला ब्राउन्स संघ बाल्टिमोरला नेला. नाव आणि रंग शहराकडे राहिले आणि १९९९ मध्ये त्याच नावाने नवा संघ उभा राहिला. म्हणून इथले लोक संघ हरला तर चिडतात, पण संघ आहे याचं मोल विसरत नाहीत.

२०१७ मध्ये आम्हीही सोळापैकी सोळा हरलो. ६ जानेवारी २०१८ ला चाहत्यांनी मैदानाभोवती मोर्चा काढला, शून्याच्या आकारात. मी गेले होते. हाड गोठवणारी थंडी, तरी हजारो माणसं. त्यात जमलेली मदत गरजूंच्या अन्नपेढीला गेली. पुढचा विजय आला २० सप्टेंबर २०१८ ला, जेट्सविरुद्ध २१-१७, तब्बल ६३५ दिवसांनी. मी वरच्या कोपऱ्यात होते. ओरडून घसा बसला, दुसऱ्या दिवशी फोनवर आईला वाटलं मला ताप आलाय.

ट्रॉय, मिशिगन

मी थांबलो होतो, तेही लिहायला हवं.

क्वार्टरबॅक (चढाईत चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू) मॅथ्यू स्टॅफर्डला लायन्सने २००९ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, सर्वांत आधी निवडलं. बारा हंगाम तो इथे खेळला, बोटं मोडून, खांदा निखळून खेळला, आणि बारा हंगामांत प्लेऑफचा (हंगामानंतरच्या बाद फेरीचा) एकही सामना जिंकता आला नाही. २०२१ च्या सुरुवातीला त्याला लॉस एंजेलिसच्या रॅम्सला देऊन टाकलं. बदल्यात क्वार्टरबॅक जॅरेड गॉफ आणि पुढच्या वर्षांतल्या नव्या खेळाडूंच्या निवडीचे हक्क. नवे सरव्यवस्थापक ब्रॅड होम्स, नवे प्रशिक्षक डॅन कॅम्बेल. सगळं पुन्हा पायापासून. मला ते सहन झालं नाही. मी म्हटलं, बारा वर्षं पाया खणताना पाहिलाय, आता पुरे. तिकीट सोडलं. पुढच्याच वर्षी स्टॅफर्डने रॅम्सकडून सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला, तो मी घरी बसून पाहिला. आनंद झाला, आणि छातीत काहीतरी रुतलंही.

आज मागे वळून पाहतो तेव्हा कळतं, की ज्या देवाणघेवाणीवर मी रागावलो, तिच्यातूनच हा संघ उभा राहिला. हे मला आधी दिसलं नाही याचं वाईट वाटतं. आता प्रतीक्षायादीत नाव आहे.

ऑक्सफर्डजवळ, ओकलंड काउंटी

बऱ्याच दिवसांपासून लिहायचं होतं, आज लिहिते.

३० नोव्हेंबर २०२१ ला ऑक्सफर्ड हायस्कूलमध्ये गोळीबार झाला. चार मुलं गेली. आमची लेक शेजारच्या गावच्या शाळेत, तेव्हा नववीत. पुढचे दोन-तीन दिवस आसपासच्या कितीतरी शाळा बंद होत्या. ती खोलीतून बाहेर येईना. जेवायला बोलावलं की ताट आत नेऊन द्यावं लागायचं.

रविवारी, ५ डिसेंबरला, मिनेसोटा व्हायकिंग्जविरुद्ध सामना होता. लायन्स त्या हंगामात एकही सामना जिंकले नव्हते, दहा हरलेले आणि एक बरोबरीत. एका मैत्रिणीकडे दोन तिकिटं पडून होती, कुणी विकत घेईना, तिने मला तशीच दिली. मी लेकीला म्हटलं, "चल, नुसतं बाहेर पडू. नाही आवडलं तर अर्ध्यातून परत." लायन्सचं फोर्ड फील्ड हे छताखालचं मैदान. जुन्या हडसन दुकानाचं गोदाम त्याच्या एका बाजूत सामावून घेतलंय, त्या विटांच्या भिंती तिला आवडल्या. एवढंच ती सुरुवातीला बोलली.

सामना सुरू होण्याआधी शांतता पाळली. हजारो माणसं गप्प उभी, आणि तिने माझा हात धरला. नंतर खेळात ती हळूहळू शिरली. शेवटी चार सेकंद उरले होते, लायन्स चार गुणांनी मागे. गॉफने चेंडू फेकला, आमोन-रा सेंट ब्राउनने रेषेच्या आत पकडला, घड्याळ शून्यावर. २९-२७. अनोळखी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडत होती. आमच्या मागच्या एका बाईंनी लेकीला मिठीत घेतलं आणि दोघी रडल्या. त्या बाई कोण, कुठल्या, आम्ही विचारलंही नाही. सामन्यानंतर कॅम्बेलने त्या विजयाचा चेंडू ऑक्सफर्डच्या लोकांना अर्पण केला आणि गेलेल्या मुलांची नावं घेतली. ते आम्ही गाडीत रेडिओवर ऐकलं.

त्या रात्री ती टेबलावर जेवायला बसली. दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. संघ चांगला की वाईट, मला काही कळत नाही. पण तेव्हापासून दरवर्षी एका सामन्याची दोन तिकिटं मी काढतेच. तिकिटं महाग झालीत, म्हणून वर्षभर त्यासाठी वेगळे पैसे काढून ठेवते.

संडरलंड, इंग्लंड

मी इथल्या रुग्णालयात काम करतो. २०१७ आणि २०१८ अशा लागोपाठ दोन वर्षांत आमचा संघ दोन पायऱ्या खाली घसरला, प्रीमियर लीगमधून थेट तिसऱ्या पातळीवरच्या लीग वनमध्ये. मी इथे आलो तो त्याच वर्षी. वाटलं, आता मैदान ओस पडणार. आणि २६ डिसेंबर २०१८ ला ब्रॅडफर्डविरुद्ध ४६,०३९ माणसं आली! लीग वनसाठी तो विक्रम होता.

स्टेडियम ऑफ लाइट जुन्या कोळसाखाणीच्या जागेवर उभं आहे, बाहेर खाणकामगाराच्या दिव्याचं शिल्प आहे. वॉर्डातले एक म्हातारे पेशंट सांगायचे, की खाण गेली, जहाजबांधणी गेली, आता शनिवारी भेटायला हेच एक ठिकाण उरलंय. दर वर्षी सीझन तिकिटाचं नूतनीकरण करताना ते लीग कुठली ते बघतच नसत. चार हंगाम खाली काढून २०२२ मध्ये आम्ही वर आलो, आणि मे २०२५ मध्ये वेम्बलीला शेफिल्ड युनायटेडला २-१ हरवून परत प्रीमियर लीगमध्ये. टॉम वॉटसनचा गोल अगदी शेवटी, भरपाई वेळेतला. मी नाइट ड्युटीला निघालो होतो, बसथांब्यावर फोनमध्ये पाहिला. बसचालकाने बस थांबवून ठेवली.

फार्मिंग्टन हिल्स, मिशिगन (धागाकर्ता)

इतकं मनापासून लिहाल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. ऑक्सफर्डजवळच्या ताई, मी त्या दिवशी मैदानावर होतो.

एकदोघांनी विचारलंय, म्हणून सांगतो. २००८ नंतर मी तिकीट सोडलं नाही. सोडण्याजोगी वर्षं पुष्कळ आली. २०२२ मध्ये सातपैकी सहा हरल्यावर बायको म्हणाली, "आता तरी?" मग त्याच हंगामाच्या शेवटी ग्रीन बेला जाऊन तिथल्या पॅकर्स संघाला २०-१६ हरवलं, आणि २०२३ च्या हंगामासाठी फोर्ड फील्डच्या इतिहासात पहिल्यांदाच सगळी सीझन तिकिटं संपली. मैदान २००२ पासूनचं. एकेकाळी आमच्या ओळीत पाय पसरून बसता यायचं.

२०२३ च्या २४ डिसेंबरला, तीस वर्षांनी, लीगमधल्या आपल्या विभागात आपण पहिले आलो. त्यामुळे १४ जानेवारी २०२४ चा प्लेऑफचा सामना घरच्या मैदानावर आला, तोही रॅम्सविरुद्ध, म्हणजे स्टॅफर्डविरुद्ध. त्या आठवड्यात माझ्या दोन खुर्च्यांना एका ओळखीच्याने जी रक्कम देऊ केली, तिच्यात आमची सगळ्यांची भारतवारी झाली असती. मी रात्रभर विचार केला. सकाळी मुलीने विचारलं, "आजोबा येणारेत ना?" त्यावर विषय संपला.

शेजारच्या खुर्चीवरचे आजोबा आले. आता त्यांचा नातू त्यांना हाताला धरून वर आणतो. शेवटची दोन मिनिटं, आपण २४-२३ ने पुढे, चेंडू आपल्याकडे, फक्त एक फर्स्ट डाउन (चेंडू आपल्याकडेच राहावा यासाठी दहा यार्डांची मजल) हवा होता. गॉफने सेंट ब्राउनकडे दिला, अकरा यार्ड. मग गुडघा टेकून घड्याळ संपवलं. १९९२ च्या जानेवारीनंतरचा प्लेऑफमधला पहिला विजय. सगळं मैदान गॉफच्या नावाने घुमत होतं.

बऱ्याच वेळाने लोक जिन्याकडे सरकू लागले. रात्र बरीच झाली होती, मी कोट चढवून उठलो. बाहीला ओढ लागली. आजोबा समोर मैदानाकडेच बघत होते.

"बस थोडं," म्हणाले.